फिक्या रंगाच्या सीट्स : चकाकी नको, स्वच्छता हवी



‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरात रक्तदाब, मधुमेह, एनआरआय ठेवी, मुलांच्या शिक्षणाची तजवीज असे भारदस्त विषय शोभतात. त्यात मी गाडीच्या सीट पुसण्याविषयी लिहायला बसलो आहे, तेव्हा काही वाचक पान उलटण्याच्या बेतात असतील. त्यांना एवढीच विनंती, की आधी माझी दीडशे दिनारांची गोष्ट ऐका आणि मग खुशाल पान उलटा.

चार वर्षांपूर्वी मी जुनी गाडी विकायला काढली. इंजिन ठणठणीत, टायर चांगले, आणि आत मोतिया रंगाच्या लेदरच्या सीट्स. त्या सीट्सचा मला भारी अभिमान. आमचे वडील कोल्हापुरी वहाणांना न चुकता तेल लावायचे, आणि त्या वहाणा वर्षानुवर्षे टिकायच्या. “कातड्याला तेल पाजावं लागतं” हे वाक्य लहानपणापासून कानावर पडलेले. म्हणून मीही दर महिन्याला सीटला खोबरेल तेलाचा हात फिरवत असे आणि वरून दुकानातला चकाकी आणणारा स्प्रे मारत असे. सीट अशी चमकायची, की बसणारा घसरून पुढे यायचा!

गाडी घ्यायला आलेल्या गृहस्थांनी बॉनेट उघडण्याआधी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि ड्रायव्हरच्या सीटवरून एकदा फिरवला. रुमाल तपकिरी झाला. मग त्यांनी दाराच्या बाजूच्या कडेवर बोट ठेवले. तिथे बारीक भेगा पडल्या होत्या. पाठीच्या जागी चिरंजिवांच्या जीन्सचा निळसर पट्टा, आणि डोके टेकतो तिथे पिवळा डाग. ते काही बोलले नाहीत. फक्त ठरलेल्या किमतीतून दीडशे दिनार कमी केले, आणि मला ते मान्य करावे लागले.

घरी आलो तो रागाने फणफणत, आणि राग निघाला कोणावर? आमच्या इमारतीच्या हारिसवर, कारण गाडी तोच धुवायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, मैं तो सिर्फ बाहर से धोता हूँ. अंदर हाथ लगाने को आपने ही मना किया था.” चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या दिवशी ओशाळलो आणि मग या विषयाच्या मुळाशी जायचे ठरवले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

वहाणेचे कातडे वेगळे, सीटचे वेगळे

कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्यासारख्या झाडपाल्याने कमावलेले असते. त्यावर रंगाचा जाड थर नसतो, म्हणून ते तेल पिते, मऊ होते आणि काळपटही होते. वहाणेला तो काळपटपणा शोभतो. मोटारीच्या सीटचे कातडे मात्र बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. त्याला लागणारे तेल कारखान्यातच आत मुरवलेले असते. मग वरून रंगाचा थर देतात आणि त्यावर पॉलियुरेथेनचे पातळ पारदर्शक आवरण चढवतात. म्हणजे आपण हात लावतो तो कातड्याला नव्हे, तर त्यावरच्या आवरणाला. त्यावर ओतलेले तेल आत फारसे पोहोचतच नाही. ते वरच बसते, शिवणीत आणि छिद्रांत साठते आणि उडणारी धूळ धरून ठेवते. काळ्या सीटवर हे झाकून जाते, पण फिक्या रंगावर सारे उघडे पडते.

आपली सीट कोणत्या जातीची आहे हे ओळखणे सोपे आहे. एखाद्या आडोशाच्या जागी पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर सीटवर आवरण आहे. तो मुरून डाग गडद झाला तर ते उघडे कातडे आहे, आणि त्याला फार जपावे लागते. शिवाय एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. ‘लेदर सीट्स’ म्हणून घेतलेल्या बऱ्याच गाड्यांत बसायची आणि टेकायची जागा तेवढीच कातड्याची असते. बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा असतो. रेक्झिनला लेदर कंडिशनर चोपडणे म्हणजे प्लॅस्टिकच्या फुलांना पाणी घालणे.

कुवेतमध्ये सीट कशाने मरते?

माझे स्पष्ट मत असे, की कुवेतमध्ये सीट तेलावाचून मरत नाही. ती मरते ऊन, वाळू, घाम आणि कपड्यांचा रंग या चौघांमुळे.

आधी ऊन. आपल्या उत्तरेकडच्या मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेने पुढे त्या नोंदीवर शिक्कामोर्तब केले. हे झाले बाहेरचे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांची सीट सरासरी ५१ अंशांपर्यंत आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापलेला आढळला. सावलीत उभ्या गाड्यांची सीट ४१ अंशांच्या आसपास होती. फक्त सावलीने १० अंशांचा फरक! हा फरक कोणत्याही बाटलीत विकत मिळत नाही. पुढच्या काचेला लावायचा साधा चंदेरी पडदा आणि दोन मिनिटे जास्त चालून गाठलेली सावलीची जागा, हा माझ्या मते पहिला आणि सर्वांत स्वस्त ‘कंडिशनर’.

दुसरी वाळू. मे २०२२ मध्ये धुळीच्या वादळांमुळे विमानतळावरची उड्डाणे थांबवावी लागली होती, ते आपल्याला आठवत असेल. अशी बारीक धूळ सीटच्या सुरकुत्यांत बसते आणि आपण गाडीत चढता-उतरताना तिच्यावर घासत जातो. पॉलिशपेपरने घासावे तसेच ते. म्हणून आधी भेगा पडतात त्या दाराकडच्या कडेला.

तिसरा घाम, आणि त्याच्या जोडीला केसांचे तेल, हाताला लावायचे क्रीम आणि समुद्रावर जाताना फासलेले सनस्क्रीन. ही सारी तेले वरचे आवरण हळूहळू मऊ करतात. डोके टेकण्याची जागा आणि हात ठेवायची कड लवकर पिवळी पडते ती यामुळेच.

चौथा कपड्यांचा रंग. जीन्सची निळ धाग्याच्या वरवरच बसलेली असते, आतपर्यंत मुरलेली नसते, म्हणून ती घासली की सुटते. त्यात घाम आणि उष्णता मिळाली की फिक्या सीटवर निळा पट्टा उमटलाच म्हणून समजा. नव्या जीन्स दोन-तीनदा धुतल्याशिवाय गाडीत बसायचे नाही, असा नियम आता आमच्या घरी आहे. चिरंजीव नाक मुरडतात, पण पाळतात.

या चारांपैकी एकही शत्रू तेलाने हटत नाही. तरीही आपण दुकानात जातो आणि कंडिशनरची सर्वांत महाग बाटली उचलतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

क्लीनर कसा निवडावा?

शुवेख इंडस्ट्रियलच्या दुकानांत किंवा मोठ्या सुपरमार्केटमध्ये मेग्वायर्स, लेक्सॉल, टर्टल वॅक्स अशा अनेक नावांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. अमुकच घ्या असे मी सांगणार नाही. नावापेक्षा लेबल वाचावे.

पहिली गोष्ट, क्लीनर पाण्यावर आधारलेला आणि लेदरसाठीच बनवलेला असावा. त्यावर ‘पीएच बॅलन्स्ड’ असे लिहिलेले असते. पीएच म्हणजे आपण शाळेत शिकलेला ‘सामू’. कमावलेले कातडे आम्लधर्मी असते, तर आपला अंगाचा आणि कपड्यांचा साबण चांगलाच अल्कधर्मी. एखाद्या वेळी साबणाने पुसले म्हणून सीट फाटणार नाही, पण दर आठवड्याला तेच केले तर आवरण निस्तेज होते आणि शिवणीचा दोराही खराब होतो.

दुसरी गोष्ट, काय टाळायचे. ब्लीच, अमोनियाचे काचपुसणे, नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन आणि टर्पेंटाइन सीटजवळ आणू नये. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो, हे स्वयंपाकघरातही लक्षात ठेवावे. डाग ‘जादूने’ घालवणारे पांढरे स्पंज मिळतात, तेही नकोत. तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपरच. डाग निघतो, पण त्याच्याबरोबर आवरणही निघते. कोरोनाच्या काळापासून गाडीत सॅनिटायझर ठेवायची सवय लागली आहे. हात जरूर स्वच्छ करावेत, पण ते सुकल्याशिवाय सीटला लावू नयेत. अल्कोहोलमुळे आवरणाचा तजेला जातो.

तिसरी गोष्ट, ‘दोन्ही एकाच बाटलीत’ असलेले मिश्रण. काळ्या सीटला ते चालून जाईल. फिक्या सीटला मात्र आधी मळ काढणे आणि मग थर देणे ही दोन कामे वेगवेगळीच करावीत, नाहीतर मळावरच वार्निश चढवल्यासारखे होते.

कंडिशनर हवा की नको?

हवा, पण थोडा आणि योग्य जातीचा. आवरण असलेल्या सीटला वर्षातून दोनदा पुरे : एकदा उन्हाळा सुरू होण्याआधी आणि एकदा तो सरल्यावर. कंडिशनर पाणीदार, दुधासारखा पातळ आणि लावल्यावर चमक न आणणारा असावा. लेबलवर अतिनील किरणांपासून आणि कपड्यांच्या रंगापासून संरक्षणाचा उल्लेख असेल तर उत्तम. आपल्याला पोषण फारसे नको आहे, घर्षण कमी करणारा आणि डाग अडवणारा पातळ थर हवा आहे.

खोबरेल, एरंडेल, ऑलिव्ह ही घरची तेले नकोत. ‘नीट्सफूट’ नावाचे तेलही मिळते. ते गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले असते आणि घोड्याच्या खोगिराला उत्तम, पण त्याने फिका रंग गडद होतो. सिलिकॉनच्या जोरावर आरशासारखी चमक देणारे स्प्रेही नकोत. चांगले लेदर मुळात चमकत नाही, ते मंद दिसते. सीट चमकू लागली तर बहुतेक वेळा तो मळाचा किंवा तेलाचा थर असतो, हे मी दीडशे दिनार मोजून शिकलो.

पुसण्याची रीत

सीट गार असताना, सावलीत आणि दारे उघडी ठेवून काम करावे. आधी व्हॅक्यूमने सुरकुत्या आणि शिवणींतली वाळू ओढून घ्यावी. ती न काढता पुसणे म्हणजे वाळूनेच घासणे. क्लीनर सीटवर न मारता कापडावर किंवा मऊ ब्रशवर घ्यावा. हल्लीच्या सीट्सना हवा येण्यासाठी छिद्रे असतात आणि आत तारा, सेन्सर, कधी एअरबॅगही असतात. तिथे पाणी जाता कामा नये. तळहाताएवढी जागा घेऊन हलक्या हाताने गोल फिरवावे, ओल्या कापडाने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. कापड पांढरे असावे, म्हणजे मळ निघतो की सीटचा रंग निघतो हे कळते. आमच्याकडे आईच्या जुन्या सुती पातळाचे तुकडे यासाठी जपून ठेवले आहेत. नवी बाटली आणली की पहिला प्रयोग सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर करून एक दिवस थांबावे.

एक खास आपला डाग म्हणजे हळदीचा. सहलीहून परतताना डबा कलंडला आणि बटाट्याची भाजी सीटवर सांडली, की घरात रणकंदन माजते. घाबरू नये. लगेच टिपून घ्यावे, मग क्लीनरने तेलाचा अंश काढावा. उरलेली पिवळी छटा दोन-तीन दिवसांच्या उन्हात बरीचशी फिकी पडते, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. कुवेतचे ऊन आपल्या बाजूने उभे राहते असा हा एकच प्रसंग! जीन्सची निळ मात्र ताजी असतानाच काढावी. जुना मुरलेला पट्टा घासून काढायच्या नादात आवरण जाते. तो राहू द्यावा, नाहीतर जाणकाराकडून तेवढी जागा पुन्हा रंगवून घ्यावी.

आरोग्याच्या दोन गोष्टी

बंद गाडीत कोणताही स्प्रे मारू नये. ज्यांना दमा आहे किंवा धुळीच्या दिवसांत खोकला होतो त्यांनी तर सुगंधी फवाऱ्यांपासून दूरच राहावे. पुसून झाल्यावर गाडी थोडा वेळ उघडी ठेवावी आणि मगच मुलांना बसवावे. आणि फवाऱ्याचा डबा गाडीत कधीही विसरू नये. त्यावर ‘५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये’ अशी सूचना छापलेली असते. वर दिलेला सीटचा ५१ अंशांचा आकडा आठवा, म्हणजे ही सूचना किती गंभीर आहे ते कळेल.

दिनाराचा हिशेब

बाटलीवरची किंमत पाहू नका, एका पुसण्याची किंमत काढा. समजा ५०० मिलिलिटरची बाटली ४ दिनारांना मिळाली. एका वेळी २० मिलिलिटर पुरते, म्हणजे २५ वेळा पुसता येते. पंधरा दिवसांतून एकदा पुसले तर बाटली जवळजवळ वर्षभर जाते, आणि एका खेपेचा खर्च होतो १६० फिल्स. दुसरीकडे महागड्या ‘डीटेलिंग’ला वर्षातून एकदा गाडी द्यायची आणि बाकी अकरा महिने बघायचेही नाही, हा सौदा मला पटत नाही. अकरा महिन्यांचा मळ एका दिवसात काढायचा तर जोर लावावा लागतो, आणि आवरण जाते ते त्या जोरानेच.

काही वाचक म्हणतील, “अहो, परक्या देशात आपण किती दिवस राहणार? गाडीचा एवढा सोस कशाला?” मला वाटते नेमके उलट आहे. इथे आपले घर भाड्याचे असते. जाण्याची वेळ आली की विकण्याजोगी मोठी वस्तू बहुधा गाडी हीच असते, आणि ती घाईत विकावी लागते. घाईत विकणाऱ्याला घासाघीस करायला सवड नसते. त्या वेळी पांढरा रुमाल स्वच्छ निघाला, तर तो आपल्या बाजूने बोलतो.

शेवटी त्या हारिसविषयी. मी त्याची माफी मागितली. आता आतले काम मी दर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी ऊन चढण्याआधी स्वतः करतो. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्यांना ते जमत नाही आणि जे पैसे देऊन करून घेतात, त्यांना माझे सांगणे आहे : त्याला आपणच योग्य बाटली द्या, आतल्या कामासाठी वेगळे पांढरे कापड द्या आणि रीत एकदा शांतपणे दाखवा. टायर पुसलेल्या फडक्यानेच सीट पुसली जाते, ती बहुधा दुसरे फडके कोणी दिलेले नसते म्हणून. आणि उन्हाळ्यात दुपारी कोणालाही गाडी धुवायला लावू नका. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्या उन्हात काम करून घेण्यास सरकारनेच बंदी केली आहे. जी उष्णता आपल्या सीटला सोसत नाही, ती माणसाला कशी सोसावी?

मी घेतलेल्या नव्या गाडीच्या सीट्सही फिक्याच आहेत. सौ. नको म्हणत होत्या, पण मी हट्टाने घेतल्या. तीन उन्हाळे झाले. परवाच पांढरा रुमाल फिरवून पाहिला. अगदी पांढरा राहिला असे म्हणणार नाही, पण धूळ होती, तेल नव्हते. तेवढ्यावर मी समाधानी आहे. आपले अनुभव याहून वेगळे असतील तर मंडळाकडे जरूर कळवावेत.